काफिल्यातले बैल

१९४२ ची दिवाळी नुकतीच झाली आहे. तुम्ही बार्शीटाकळीच्या शिवारात, पऱ्हाटीच्या दोन तासांमध्ये उभे आहात. माती वरून सुकली असली तरी टाच दाबली की आतली ओल लागते. आज वेचणीचा पहिला दिवस. बायका अजून ओळीत शिरलेल्या नाहीत. धुऱ्यावरच्या झाडापाशी बसून त्या सीतादही करताहेत. दहीभाताचे चार घास पऱ्हाटीवर शिंपडले जातात, पहिल्या कापसाला हळदकुंकू लागतं, मग ओट्या खोचून सगळ्या एकदम पुढे सरकतात. तुम्हीही वेचून बघा. कापूस सरकीसकट अलगद सुटून येतो, पण बोंडाचं वाळलेलं टोक नखाशी ओरखडा काढतं. संध्याकाळपर्यंत दहाही बोटं चुरचुरतील.

ओळीच्या टोकाला गाठोडं बांधणारा तो एकोणीस वर्षांचा पोरगा बघा. हे वावर त्याचं नाही. त्याचा बाप इथं सालदार आहे आणि बापाच्या मागे तोही अखजीपासून अखजीपर्यंत राबतो. बैलांचं सगळं त्याच्याकडे. कोणता बैल कधी खांदा टाकतो, कोणाला उन्हाचं पाणी चालत नाही, हे त्याला मालकापेक्षा जास्त कळतं.

त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण तो एकच एक माणूस नाही. वऱ्हाडातल्या महारवाड्यांमधून पलटणीत गेलेल्या आणि परत येऊन वावरात उतरलेल्या पुष्कळांच्या वाट्याला जे आलं, ते मी त्याच्या आयुष्यात गोळा केलं आहे. पलटणी, तारखा, लढाया खऱ्या आहेत. अशा माणसाची आठवण निघाली की आपण त्याला माजी सैनिक म्हणतो आणि पलटणीतल्या पंधरा वर्षांबद्दल विचारतो. त्यानंतरची वावरातली वर्षं कोणी विचारत नाही. मला तुम्हाला तिथपर्यंत न्यायचं आहे.

संध्याकाळी गावात या. बार्शीटाकळी जुनं गाव आहे. इथल्या कालंका देवीच्या हेमाडपंती देवळातल्या शिलालेखावर शके १०९८ ची नोंद आहे, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराची. राज्यकर्त्यांनी आपली आठवण दगडात कोरून घेतली. तेव्हा ही काळी माती कोणी कसली, त्याचं एक अक्षर उरलेलं नाही.

महारवाड्यात कंदिलाभोवती बोलणं चाललं आहे. ऑगस्टमध्ये आष्टी, चिमूर, यावलीला गोळीबार झाले, त्याची धास्ती अजून आहे. जुलैत नागपूरला बाबासाहेबांची मोठी परिषद झाली, तिच्या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. बाबासाहेब आता व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री आहेत. कोपऱ्यात एक म्हातारा खोकत बसला आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली तेव्हा तो भरती झाला होता. १९२१ मध्ये सरकारनं ती पलटणच मोडली आणि त्याला घरी पाठवलं. त्याच्याही आधी, १८९० च्या दशकात, महारांची भरती एकदा बंद झालीच होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही लढवय्ये नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार होते, त्यामुळे हा अपमान त्यांना घरातून ठाऊक होता. आता १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली आहे. दुसरी कामठीला.

“कायले जातं रे बापू?” माय विचारते. “अथी खायाले नाही का?”

“खायाले हाय वं माय. पन दुसऱ्याच्या हातचं हाय.”

पहाटे बंडी निघते. बार्शीटाकळीला अजून रेल्वे नाही, ती स्वातंत्र्यानंतर येईल. अकोल्यापर्यंत बैल, तिथून नागपूरची गाडी, पुढं कामठी.

कामठीच्या छावणीत पहिले आठ दिवस तुमचे पाय बुटांत सोलून निघतात. आयुष्यभर अनवाणी चाललेली रुंद टाच कातड्यात मावत नाही. पण त्याच्या डोळ्यांत वेगळंच काही भरलं आहे. बराकीबाहेर पाण्याचा नळ आहे आणि तो कोणाच्याही आधी किंवा नंतर नाही. तोटी फिरवायची आणि प्यायचं. सुट्टीत गावी गेल्यावर तो मायला रायफलीचं काही सांगणार नाही, नळाचं सांगेल.

युद्धाची वर्षं झपाट्यानं जातात. पलटण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाऊन येते, युद्ध संपल्यावर इराकही बघून होतो. ऑक्टोबर १९४६ मध्ये सगळी रेजिमेंट मशीनगनची होते आणि कामठीला तिचं केंद्र उघडतं. आता त्याच्या पुढ्यात व्हिकर्स आहे. हात लावा. नळीभोवती जाड जॅकेट, त्यात चार लिटरच्या आसपास पाणी. दोनशे पन्नास गोळ्यांचा कापडी पट्टा एका बाजूनं शिरतो. काही मिनिटं सलग गोळीबार झाला की जॅकेटमधलं पाणी उकळतं, वाफ रबरी नळीनं डब्यात उतरते आणि थंड झालेलं पाणी पुन्हा जॅकेटमध्ये भरायचं. पाणी संपलं की तोफखान्याइतका धाक असलेली ही बंदूक नुसतं लोखंड. कोरडवाहूच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गोळ्यांच्या पेट्यांआधी पाण्याचा डबा उचलायची सवय त्याला लागते.

आता थोडं थांबायचं आहे. ऑगस्ट १९४७.

१ ऑगस्टला पंजाब बाउंड्री फोर्स उभा राहिला, मेजर जनरल रीस यांच्या हाताखाली. बारा जिल्हे त्यांनी सांभाळायचे. महार रेजिमेंटच्या तिन्ही पलटणी त्यात आहेत. वरिष्ठांना त्या इथं हव्या होत्या याचं कारण उघड आहे: पंजाबातल्या भांडणात या जवानांचा ना हिंदू जमीनदाराशी संबंध, ना मुसलमान, ना शीख. महिन्याभरात फोर्स मोडून पडतो, सप्टेंबर उजाडता उजाडता तो बरखास्तही होतो, पण निर्वासितांचे काफिले थांबत नाहीत आणि त्यांच्या सोबतीला माणूस लागतोच.

सप्टेंबरच्या मध्यावर तुम्ही फिरोजपूरच्या बाजूच्या रस्त्यावर आहात. काफिला किती लांब आहे ते विचारू नका, कारण त्याचं टोक दिसत नाही. बैलगाड्यांमागे बैलगाड्या. गाडीत बाजा, पितळी हंडे, चक्कीच्या पाळ्या, म्हाताऱ्या. गाडीखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत चालणारी पोरं. धूळ एवढी की पुढच्या बैलाची शेपटीही दिसत नाही. वास येतो तो रस्त्याकडेच्या खड्ड्यांतून, तिकडं बघायचं नाही असं जवानांना सांगितलेलं आहे. ते बघतात. तुम्हीही बघाल.

तो बंदूक खांद्याला लावून गाड्यांच्या कडेनं चालतो आहे. बाकीचे जवान माणसांकडे बघताहेत, शेतांच्या आडोशाकडे बघताहेत. त्याची नजर पुन्हा पुन्हा बैलांवर जाते. मोठे, पांढरे, उंच खांद्याचे बैल. वऱ्हाडात अशी जोडी असती तर पाहायला गाव लोटलं असतं. पण जू सुटलेलं नाही किती दिवस. खांदे सोलून लाल झाले आहेत, माशा बसल्या आहेत. खूर फाटले आहेत. एक बैल मध्येच बसतो. मागची सगळी रांग अडते, ओरडा होतो. गाडीवाला म्हातारा शीख उतरतो, बैलाच्या तोंडाशी बसतो आणि काही न बोलता त्याचं कपाळ चोळत राहतो. रांग अडली की हल्ला होतो, हे तिथं सगळ्यांना माहीत आहे.

तो बंदूक पाठीवर टाकतो, जू उचलून धरतो, सापत्या सोडतो. बैलाच्या कानाशी वाकून वऱ्हाडीत बोलतो: “ऊठ रे राजा. ऊठ. थोडंसंच हाय.” पंजाबच्या बैलानं ही बोली कधी ऐकलेली नाही. तो कमरेच्या डब्यातलं पाणी स्वतःच्या ओंजळीत घेऊन त्याच्या नाकपुड्यांना लावतो. मग बैलाचा खांदा बघतो, आणि खिशातली रायफलीच्या तेलाची कुपी काढून दोन बोटांनी तेल त्या जखमेच्या कडेकडेनं चोळायला लागतो.

तुम्ही पंचांग विसरला असाल. त्याच दिवसांत गावाकडं पोळा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात खांदमळणी असते, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. त्याला तारीख आठवते की नुसता हात आठवतो, ते मला सांगता येणार नाही. बैल उठतो. रांग हलते.

त्याच रस्त्यावर डाव्या हाताला कापूस उभा आहे. बोंडं फुटली आहेत, पहिली वेचणी आठवड्यावर आलेली. ओळींत कोणी नाही. विहिरीवरचा रहाट उभा. ज्यानं पेरलं तो दुसऱ्या एका काफिल्यात, उलट दिशेनं, कधीच निघून गेला आहे. तो चालता चालता हात लांब करतो, एक बोंड तोडतो, धागा ओढून बघतो. लांब धाग्याचा अमेरिकन कापूस, वऱ्हाडातल्या आखूड धाग्याच्या गावरानीपेक्षा किती तरी सरस. बोंड तो खिशात ठेवतो आणि पुढे जातो.

या जवानांच्या हातून त्या महिन्यांत किती माणसं जिवंत पार झाली, याचा हिशेब होऊ शकत नाही. महार पलटणींनी शिस्त सोडली नाही, ही गोष्ट तरी महाराष्ट्राच्या शाळेतल्या पोरांना माहीत असायला हवी होती. फाळणीवर आपल्याकडे जे बोललं जातं, त्यात त्यांचं नाव मी फारसं ऐकलेलं नाही आणि याचं मला वाईट वाटतं.

काश्मीर मी लवकर उरकतो, कारण त्यावर लिहिलेलं मिळतं. २४ डिसेंबर १९४७ ला झांगड हातचं गेलं. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावर मोठा हल्ला आला आणि ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ब्रिगेडनं तो परतवला. १८ मार्चला झांगड पुन्हा घेतलं, ३ जुलैला तिथंच उस्मान यांना वीरमरण आलं. महार रेजिमेंटच्या मशीनगन या आघाडीवर होत्या. नाईक कृष्णा सोनवणे यांना महावीर चक्र मिळालं. तुमच्या सोबतच्या माणसाला चक्र मिळालं नाही. थंडीनं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं कायमची बधिर झाली, ती पुढं पावसाळ्यात चिखलातून डवरा धरताना त्याला त्रास देतील.

१४ ऑक्टोबर १९५६. तो दसऱ्याच्या सुट्टीवर आहे. बायको, दोन पोरं आणि तो अकोल्याहून गाडीला लोंबकळत नागपूरला आले आहेत. बायकोनं पांढरं लुगडं मिळवण्यासाठी किती घरं पालथी घातली, ते तिलाच ठाऊक. तुम्ही त्या पांढऱ्या गर्दीत त्यांच्या मागे उभे आहात. भिक्खू चंद्रमणी बाबासाहेबांना दीक्षा देतात, मग बाबासाहेब लाखोंना बावीस प्रतिज्ञा देतात. शिपाई सावधान उभा आहे, कोणी सांगितलेलं नसताना. बायको त्याच्या कोपराला धक्का देते. “हात जोडा ना.” तो हात जोडतो. दोन महिनेही होत नाहीत तोच ६ डिसेंबर येतो, बाबासाहेब जातात.

१९५७ मध्ये पंधरा वर्षं भरतात आणि तो पेन्शनीवर घरी येतो. वऱ्हाड आता मुंबई राज्यात आहे. साठवलेल्या पैशातून आणि बायकोच्या पाटल्या मोडून तो गावाच्या वरच्या अंगाला सहा एकर घेतो. जमीन मध्यम, एका कडेला मुरमाड. पटवाऱ्याच्या कागदावर स्वतःचं नाव बघून तो कागद उन्हात धरून उभा राहतो.

आणि आता जे सुरू होतं, ते सगळ्यात लांब आहे.

पहिल्या वर्षी तो पेरणीची घाई करतो. मृगाचा एक शिडकावा पडला की तिफण जुंपतो. बायको म्हणते, थांबा, ओल खाली गेली नाही. तो ऐकत नाही. पंधरा वर्षं हुकूम झाला की निघायचं, एवढंच शिकलेला. पाऊस दडी मारतो, बी मातीत भाजून जातं. दुसऱ्यांदा पेरायला बियाणं उसनं. त्यानंतर पेरणीचा दिवस तीच ठरवते. पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या वावरात सरत्यावर हात ठेवून चाललेली बाई ती. मूठ किती सैल ठेवली म्हणजे दाणा किती अंतरावर पडतो, हे तिच्या बोटांत आहे. या घरात शेतकरी कोण, असं तुम्ही मला विचाराल तर मी तिच्याकडे बोट दाखवीन.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी मीटरगेज गाडी बार्शीटाकळीवरून धावायला लागते. १९६९ मध्ये अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावानं कृषी विद्यापीठ निघतं. पुढे काटेपूर्णेवर महानला धरण बांधलं जातं. त्याचं वावर चढावर, पाटाचं पाणी तिथं चढत नाही. १९७० मध्ये सुरतहून एच-४ येतो, डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेला संकरित कापूस. बी महाग, म्हणून तिफणीनं पेरायचं नाही, फुलीवर एकेक सरकी टोबायची. बोंड मोठं, धागा लांब. तो हातात घेतो, ओढून बघतो आणि फिरोजपूरच्या रस्त्याकडेचं ते बोंड त्याला आठवतं. पण हा कापूस खत मागतो, फवारा मागतो, वेळेवर पाणी मागतो. पहिल्या वर्षी पिकतो. दुसऱ्या वर्षी ऑगस्ट कोरडा जातो आणि पात्या गळून पडतात. व्हिकर्सच्या जॅकेटमध्ये भरायला चार लिटर पाणी कुठून तरी आणता येत होतं. सहा एकराला कुठून आणणार?

१९७१ च्या डिसेंबरात रात्री सगळा वाडा त्याच्या ओट्यावर जमतो. नागपूर आकाशवाणीवर युद्धाच्या बातम्या. त्याच्या मताला या दिवसांत वजन येतं. पंधरा दिवसांत युद्ध संपतं आणि माणसं उठून जातात. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात तो सरकारी कामावर खडी फोडायला बसतो, तेव्हा मात्र त्याला कोणी काही विचारत नाही. गिट्टीचे ढीग मोजणारा मुकादम त्याच्या मुलाच्या वयाचा. घरी सुकडी येते, मिलोची लाल भाकर येते. पलटणीतल्या पंधरा वर्षांत एकदाही त्याला उपाशी झोपावं लागलं नव्हतं, हे बायकोपाशी तो पहिल्यांदा बोलतो.

त्याच हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आहे. व्यापाऱ्याला कापूस द्यायचा नाही, सरकारी केंद्रावर न्यायचा, ग्रेड लागेल, पैसे हप्त्यानं मिळतील. हेतू चांगला होता, व्यापाऱ्यानं काट्यावर लुटणं थांबलं, हे मी मानतो. पण रांगेचं काय? चला त्याच्यासोबत अकोल्याला. जानेवारीची थंडी. केंद्राच्या फाटकापासून बंड्यांची रांग सुरू होते आणि रस्त्याच्या वळणाआड जाते. काल आलेले अजून आत गेलेले नाहीत. माणसं गाडीखाली कडब्यावर पडली आहेत. नंबर जाईल या भीतीनं कित्येकांनी जूही सोडलेलं नाही.

रात्री तो उठतो. कंदील घेऊन रांगेच्या कडेनं चालायला लागतो. तुम्ही मागे चला. तो प्रत्येक बंडीपाशी थांबून बैलाच्या मानेला हात लावतो. “ऊठ बाप्पा, जू सोड. तुह्या नंबर मी धरतो.” कोणी शिव्या देतं, कोणी उठतं. एका पोराचा बैल मान टाकून उभा आहे. त्याचा खांदा सोललेला. तो स्वतःच सापत्या सोडतो, बादलीभर पाणी कुठून तरी आणतो आणि बैल पिऊन होईपर्यंत बादली धरून राहतो. पोरगा म्हणतो, “आबा, तुम्ही कोन? केंद्रावरचे का?”

“नाही रे. रांगेतलाच हाय.”

सकाळपर्यंत शेदोनशे बंड्यांचं जू उतरलेलं असतं. त्याच्या स्वतःच्या कापसाला त्या दिवशी कमी ग्रेड लागते, दव पडून ओल धरली म्हणून. तो पावती घडी करून टोपीत ठेवतो. पहिला हप्ता मिळतो, पुढचा पुष्कळ उशिरा. पोरीचं लग्न त्या पैशावर ठरलेलं असतं, ते सोसायटीच्या आणि सावकाराच्या पैशावर होतं.

असेच पोळे जातात. एकेका वर्षी पिकतं, दोन वर्षं नाही. दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, कधीमधी जिल्ह्याच्या ठिकाणी मेळावा असतो, शाल मिळते. शाल तो बैलाच्या अंगावर टाकतो, थंडीत. यात अनादर नव्हता. घरातली उबदार वस्तू तेवढीच होती आणि त्या वर्षी बैल आजारी होता.

१५ ऑगस्ट १९८५. जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदन झालं आहे. पावसाची झड आहे म्हणून पोरं व्हरांड्यात बसवली आहेत. हेडमास्तरांनी त्याला बोलावलं आहे. वय बासष्ट, छातीवर दोन जुनी पदकं, पायात चिखलाच्या वहाणा, कारण तो डवरणी अर्धवट टाकून आला आहे. हेडमास्तर म्हणतात, “आबा, पोरांना लढाईचं सांगा.”

“किती मारले?” पहिल्या रांगेतला एक पोट्टा विचारतो.

तो थोडा वेळ पोराकडे बघतो. मग सांगायला लागतो, आणि जे सांगतो त्यात नौशेरा नसतं. एका रस्त्याचं सांगतो, जिथं गाड्यांमागे गाड्या होत्या. बैल किती उंच होते ते हातानं दाखवतो. एक बैल कसा बसला आणि कसा उठला ते सांगतो. आणि रस्त्याच्या कडेला फुटलेल्या कापसाचं सांगतो: बोंड एवढं, धागा एवढा, अन् वेचायला एकही बाई नाही.

ही पोरं कापसातलीच. त्यांना शत्रू किती, तोफा किती, यापेक्षा हे लवकर समजतं. मागच्या रांगेतली एक पोरगी उभी राहते. वेचणीच्या दिवसांत तिची शाळा बुडते, हे मास्तरांना माहीत आहे.

“आबा, मंग तो कापूस कोनं वेचला?”

“तिकून जे आले ना बाई, त्याईनं. अन् त्याईचा तिकडं राह्यला, तो अथून गेलेल्याईनं.”